मी ‘मंडई’ वाचलं

आमच्या गावच्या चौकात एक इमारत आहे. लोखंडी शटर, टिनाचं छप्पर, समोर ट्रॅक्टरची ट्रॉली लागेल असा उतार, आणि शटरच्या वर निळी पाटी: सांस्कृतिक मंडी मंच. हिंदीत मंडी म्हणजे धान्याचा बाजार, म्हणून बाहेरगावचा पाहुणा ही पाटी वाचून हसतो. तुमच्याकडे संस्कृती क्विंटलनं विकतात का, असं विचारतो. मी रोज त्याच चौकातून शाळेत जातो. त्या पाटीकडे पाहिलं की डोकं तापतं, आणि राग कोणावर काढावा हे कळत नाही, कारण ती पाटी माझ्यामुळे लागली आहे.

आमचं गाव बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडचं, धानाचं. नदी ओलांडली की महाराष्ट्र. घरात मराठी बोलतो, कागदावर हिंदी लिहितो. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पुण्या-मुंबईच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवतो. आमची मंडई म्हणजे जत्रा. लेकी माहेरी येतात, झुले लागतात, जिलेबीच्या कढया चढतात, आणि भर दुपारी दंडार होते. ढोलकी, झांजा, पायात चाळ बांधलेले गडी, बाईच्या वेषातला पुरुष, आणि मध्येमध्ये सोंगं. सोंगात कोणाचीही खैर नसते. पटवारी, सावकार, सासू, पुढारी, सगळे येऊन जातात.

ही दंडार चौकातल्या मातीच्या ओट्यावर व्हायची. ओटा गुडघाभर उंच, तिन्ही बाजूंनी मोकळा. दर पावसाळ्यात तो झिजायचा आणि दर दिवाळीला पुन्हा भरला जायचा. त्याची पद्धत ठरलेली होती: प्रत्येक घरातून एक टोपली माती. पाटलाच्या घरूनही एकच आणि बौद्ध मोहल्ल्यातल्या शेवटच्या घरूनही एकच. कोणी दोन टाकायला गेलं तर म्हातारे अडवायचे. म्हणून तो ओटा कोणाचाच नव्हता, आणि त्यावर चढायला कोणाला विचारावं लागत नव्हतं. चौदा एप्रिलला तिथे भीमगीतं व्हायची, रामनवमीला भजन व्हायचं.

मी स्वतः त्या ओट्यावर नाचलो आहे. एकोणीस-वीस वर्षांचा असताना मी लुगडं नेसून दंडारीत राणी व्हायचो. ढोलकी माझ्या वर्गमित्राची असायची. तो बौद्ध मोहल्ल्यातला, पुढे भरवेलीच्या खाणीत कामाला लागला, पण दंडारीचा म्होरक्या तोच राहिला. दिवाळीच्या महिनाभर आधीपासून रोज ड्युटी संपवून मोटरसायकलवर तालमीला यायचा. मी मात्र शिक्षकाची नोकरी लागली तशी दंडार सोडली. वेळ नाही असं सांगितलं. खरं कारण लाज होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मंडईला एक मोठे साहेब आले होते. धूळ उडत होती, त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि मला म्हणाले, “मास्टरजी, यही है आपका कल्चर?” मी हसलो. त्यांच्याबरोबर हसलो. पुढचं सगळं तिथून सुरू झालं असं मला वाटतं. त्या दिवसापासून मला तो ओटा गावंढळ दिसू लागला.

बऱ्याच वर्षांनी सांस्कृतिक मंच बांधायला शासनाचं अनुदान निघालं. गावात हिंदीत अर्ज लिहिणारा म्हणजे मी. मी आनंदानं बसलो. सगळ्यात आधी मित्राकडे गेलो आणि त्याला पक्क्या मंचाचं स्वप्न दाखवलं. वर छप्पर, मागे कपडे बदलायची खोली, विजेची सोय.

“अन् माती?” त्यानं विचारलं.

“मातीची गरजच नाही राहणार.”

“तेच म्हणतो मी. मंग लोकं काय आनतीन?”

मी त्याला समजावलं. मुलींनाही आता दंडारीत घेता येईल, बंद खोली असेल, असं म्हणालो. त्याची मुलगी सुंदर गाते. त्यावर तो विरघळला. मला माहीत होतं की तो त्यावर विरघळेल.

अर्ज ऑनलाइन भरायचा होता, म्हणून शेवटच्या तारखेला मी बालाघाटला एका कॉम्प्युटरच्या दुकानात बसलो. मी लिहून नेलं होतं, ‘मंडई मंच’. चालवणारा पोरगा इंग्रजी अक्षरं दाबायचा आणि पडद्यावर हिंदी उमटायची. तो फार भराभर काम करत होता. पावती छापून हातात आली तेव्हा मी पाहिलं: मंडी मंच.

“ये गलत हो गया. मंडई लिखना था.”

“मंडी ही तो है, सर.”

“मंडी अलग, मंडई अलग.”

“अब सबमिट हो गया. नया भरना पड़ेगा. सरपंच जी का ओटीपी फिर से लगेगा.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “एक अक्षर से क्या होता है, सर?”

सरपंचांना मी त्या दिवशी दोनदा ओटीपी मागितला होता आणि दुसऱ्यांदा ते खेकसले होते. लग्नात बसले होते. तिसरा फोन करायचा माझा धीर झाला नाही. वारासिवनीवरून जाणारी बस सुटायची वेळ झाली होती. मी पावती खिशात घातली. एका अक्षरानं काय होतं, हे मुलांना पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या माणसानं ते वाक्य मान्य केलं, कारण त्याला बस पकडायची होती.

इथवर चूक त्या पोराची होती असं कोणी म्हणेलही. पुढचं मात्र माझं एकट्याचं आहे.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा गावसभा भरली. सचिवानं कागद माझ्या हातात दिला. “गुरुजी, तुम्हीच वाचा, तुमचा आवाज चांगला आहे.” चौकात सगळं गाव. ओट्याच्या कडेला बाया बसलेल्या. कागदावर स्पष्ट छापलं होतं, ‘सांस्कृतिक मंडी मंच’. मी मोठ्या आवाजात वाचलं, “सांस्कृतिक मंडई मंच.” एक अक्षर माझ्या तोंडानं घातलं. टाळ्या पडल्या. माझ्या मित्रानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मी कागदाची घडी करून सचिवाला परत दिली, आणि त्यानं तो न उघडता फायलीत ठेवला.

का केलं? इतक्या लोकांपुढे अडखळायला नको म्हणून. नंतर शांतपणे दुरुस्त करून घेऊ, असं मनात होतं. मी आजवर जे जे नंतर शांतपणे करायचं ठरवलं, त्यातलं एकही केलेलं नाही.

ओटा तोडायला जेसीबी आली. त्याआधी मित्रानं नारळ फोडला आणि पहिलं फावडं स्वतः मारलं. “चला, पिढ्यान्‌पिढ्या धूळ खाल्ली, आता आमची पोरं फरशीवर नाचतीन,” असं म्हणून हसला. मी बाजूला उभा होतो.

पायवा, म्हणजे मंचाचं जोतं, भरला गेला तेव्हा मला कळलं. पायवा छातीइतका उंच होता. मी इंजिनिअरला विचारलं तर तो सरळ म्हणाला, “नाम में मंडी है, तो ड्रॉइंग मंडी शेड की लगी है. ट्रॉली से धान के बोरे सीधे उतरेंगे.” मी घरी आलो. दोन दिवसांनी मित्र भरवेलीहून आला, पायव्याला छाती लावून उभा राहिला आणि म्हणाला, “एवढा उंच काहून गा?”

मी म्हणालो, “पावसाचं पानी नको लागाले.”

असं मी म्हणालो. त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणालो. तेव्हाही काम थांबवता आलं असतं. सरपंचाकडे गेलो असतो, कलेक्टरकडे जनसुनवाईत अर्ज दिला असता, आरडाओरडा केला असता. पण त्यासाठी आधी कबूल करावं लागलं असतं की मी खोटं वाचलं.

पहिल्या वर्षी मंचावर दंडार झाली. ती पाहून मला घरी जावंसं वाटलं. नाचणारे इतक्या उंचावर की पुढे बसलेल्यांना फक्त पोटऱ्या दिसत होत्या. टिनाखाली ढोलकीचा आवाज असा घुमायचा की गाण्याचा एक शब्द कळेना. फरशीवर चाळ बांधलेला पाय घसरून एक म्हातारा गडी कमरेवर पडला, तो पुन्हा नाचला नाही. दुसऱ्या वर्षी मंडईच्या चार दिवस आधी मंडळी झाडू घेऊन गेली, तर शटरला कुलूप, वर नवी निळी पाटी. आत छपरापर्यंत बारदाना, म्हणजे धानखरेदीची रिकामी पोती. धानखरेदी करणाऱ्या सोसायटीच्या बाबूनं मंजुरीचं पत्र दाखवलं. “इसमें मंडी लिखा है. मंडी में बारदाना नहीं रखेंगे तो क्या रखेंगे? नाच?”

आमच्या धानखरेदीची तयारी आणि आमची मंडई एकाच हंगामात येतात, कारण दोन्ही धान निघालं की होतात. त्यामुळे तेव्हापासून आजपर्यंत एकदाही तो मंच मंडईच्या दिवशी रिकामा नव्हता. चौदा एप्रिलला किल्ली मागितली तर उन्हाळी धानाचं कारण, बाकी वेळी किल्ली सरपंचाकडे, सरपंच बाहेरगावी. ज्या जागेला कुलूप नव्हतं तिथे आम्ही अनुदान आणून कुलूप लावलं. त्यातही ते कोणासाठी उघडतं आणि कोणासाठी हरवतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पाटलांच्या घरच्या साखरपुड्याला एका फोनवर किल्ली आली होती.

कुलूप दिसलं त्या वर्षीच मित्र माझ्याकडे आला होता. दारातच उभा राहिला. “तू त मंडई वाचलं होतं.”

“तिकडच्या लोकांनी टाइप करताना चूक केली,” मी म्हणालो.

“हौ,” तो म्हणाला आणि गेला. त्यानंतर आमच्यात रामराम, जयभीम तेवढं राहिलं.

मला ऑफिसांचा राग येतो. एका माणसानंही या गावात येऊन विचारलं नाही की इथे नेमकं काय होतं, माणसं कुठे बसतात, नाचणारा कुठून येतो. त्यांना नकाशा हवा, जमिनीचा खसरा नंबर हवा, उद्घाटनाचा फोटो हवा. फोटोत आम्ही सगळे आहोत, हार घालून. ढोलकीसुद्धा आहे, ती साहेबांनी हौसेनं गळ्यात अडकवली होती, उलटी. कागदावर आमच्या गावात आज एक सांस्कृतिक सुविधा आहे, म्हणून आम्हाला दुसरी मिळू शकत नाही. हे सगळं मी घरी तावातावानं बोलतो. बायको एकदा म्हणाली, “मले काहून सांगून राह्यले? मी थोडीच वाचलं होतं?” त्यानंतर मी घरी बोलायचं बंद केलं.

यंदा पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं, आणि मंचांच्या जीर्णोद्धारासाठी नवीन अनुदान आलं. आता सरपंच बाई आहेत आणि बोलतात त्यांचे यजमान. ते फॉर्म घेऊन शाळेत आले.

मी म्हणालो, “आधी नाव दुरुस्त करू. मग छप्पर.”

“गुरुजी, नावा-बिवाचं सोडा. बोरे भिजून राहिले.”

“नाव दुरुस्त झालं तर बोरे निघतील.”

“तेच त म्हणतो, कायले काढता? नाव दुरुस्त करायचं तर शपथपत्र लागते. चूक कोणाची, लिहून द्यावं लागते. कोण देईल?” ते माझ्याकडे पाहून हसले. त्यांना माहीत होतं का, मला सांगता येत नाही. पण ते हसू मला चावलं.

त्या रविवारी मी भरवेलीला गेलो. कॉलनीत मित्र मोटरसायकल धूत होता. खाणीची काळी धूळ पाण्याबरोबर नालीत चालली होती. त्यानं मला पाहिलं आणि हात थांबवला नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दुकान, पावती, बस, गावसभा, पायवा. तो चाकाच्या तारा घासत राहिला.

“मले माहीत होतं,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“सोसायटीच्या बाबूनं अर्जाची कापी दाखवली, त्यातच मंडी होतं. खाली अर्ज भरनारा म्हनून तुहं नाव. मंग म्या विचारलं तुले. तू म्हनला, तिकडच्यायनं केलं.” तो उठला, पाण्याची बादली रिकामी केली. “इतके वर्षं वाट पाह्यली बे. म्हटलं आज येशीन, उद्या येशीन. म्हटलं मास्तर आहे, लेकरायले शिकवते, येईन.”

मी माफी मागायला लागलो. त्यानं हात वर करून थांबवलं.

“इथं नालीजवळ कायले सांगतं? गावसभेत वाचलं होतं, तिथंच सांग.”

मी म्हणालो, सांगतो. आणि जाता जाता मला काहीतरी देऊन मोकळं व्हायचं होतं म्हणून म्हणालो, “यंदा माझ्या अंगणात दंडार करा. मोठं अंगण आहे, मातीचं आहे.”

आता मात्र तो चिडला. “तुह्या अंगनात? आज तू बोलावशीन, उद्या तुहा पोरगा गेट लावन. आमी पाहुने म्हनून नाचू का? ओट्यावर आमची टोपली होती, मास्तर. तुह्या अंगनात आमचं काय हाय?”

मला वाटलं होतं, तो विरघळेल.

गावसभेत मी उभा राहिलो. ओटा नसल्यानं बाया उतारावर बसल्या होत्या. मी सांगितलं की पत्रात मंडी होतं, मी मंडई वाचलं, जाणूनबुजून वाचलं. कोणीतरी हसलं. एक म्हातारा म्हणाला, “अरे, इतक्या दिवसानं काय उकरून राह्यला?” एक बाई, जिचा नवरा फरशीवर पडला होता, पदर तोंडाला लावून पाहत राहिली. सरपंचांचे यजमान म्हणाले, गुरुजींचं मन मोठं, चला पुढचा विषय. मित्र मागे भिंतीला टेकून उभा होता.

सभा संपल्यावर मी रजिस्टर पाहिलं. सचिवानं लिहिलं होतं, ‘मंच के नाम में त्रुटि पर चर्चा हुई.’ कोणाची त्रुटी, काहीच नाही. मी त्याच्या हातातला पेन घेतला.

“गुरुजी, नौकरी पे बात आ जाएगी. रिटायर होने को कितने साल बचे हैं?”

“लिहू द्या.”

“आपको मिलेगा क्या?”

मी खाली माझ्या अक्षरात पूर्ण लिहिलं आणि सही केली. शपथपत्रही दिलं. महिन्याभरात दोन कागद आले. एक मला कारणे दाखवा नोटीस, शासकीय पत्राचं असत्य वाचन केल्याबद्दल. दुसरा पंचायतीला: नाव बदलण्याचा विषय विचाराधीन आहे, तोवर सध्याचा उपयोग चालू ठेवावा. पहिला कागद मला कबूल आहे. दुसरा वाचून मी शाळेच्या ऑफिसात टेबलावर मूठ आपटली, काच तडकली. खोटं कबूल करणाऱ्याला महिन्यात नोटीस मिळते, आणि त्या खोट्यामुळे ज्यांची जागा गेली त्यांना विचाराधीन मिळतं.

यंदाच्या मंडईला आमच्या चौकात झुले लागले, जिलेबी झाली, दंडार झाली नाही. आमच्या दंडारीच्या मंडळीला रामपायलीकडच्या एका गावानं बोलावलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ऐकलं आणि दुपारी मोटरसायकल काढून गेलो. त्यांचा ओटा मातीचा होता, नुकताच सारवलेला. मी गर्दीत मागे बसलो.

तिसरं सोंग सुरू झालं. माझा मित्र डोळ्यांवर चष्मा, कानामागे खडू, काखेत छत्री घेऊन आला आणि एक कागद नाकाशी धरून उभा राहिला. शेजारी बायकोच्या वेषातला गडी.

“अवो, कागदावर काय लिहिलं हाय?”

“बैल.”

“अन् तुमी काय वाचलं?”

“बैलगाडी.”

“मंग गाडी कुठं हाय?”

“गाडी विचाराधीन हाय!”

लोक आडवे होऊन हसले. मास्तर छत्री उघडून तिच्या आड लपत होता, आणि बायको त्याच्या पाठीवर एकेक पोतं टाकत होती. मास्तर वाकत वाकत जमिनीला टेकला, तरी तोंडानं म्हणतच होता, “एका अक्षरानं काय होते!” माझ्या बाजूला बसलेल्या अनोळखी माणसानं हसता हसता माझ्या मांडीवर थाप मारली. “असे मास्तर असतेतच गा!”

“हौ,” मी म्हणालो. “असतेत.”

माझे कान जळत होते. मीही हसलो, पण साहेबांबरोबर हसलो होतो तसा नव्हे. दंडार इतकी चांगली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. आणि राग पुन्हा उफाळला, कारण हे आमच्या गावच्या लोकांनी पाहायला हवं होतं, ज्यांची ती गोष्ट आहे त्यांनी, आणि आम्ही दुसऱ्यांच्या मातीवर ती करत होतो.

सोंगं संपल्यावर मित्र ओट्यामागे तोंड पुसत बसला होता. रंग अर्धा निघाला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो.

“लागलं का?” त्यानं विचारलं.

“लागलं.”

“लागाचंच होतं. चांगलं झालं का ते सांग.”

“लय चांगलं झालं.”

त्यानं पायातले चाळ सोडले, एकेक करून फडक्यात बांधले. मग वर पाहिलं. “मंग आपल्या गावात कुठं करू हे? सांग ना.”

मी म्हणालो, माहीत नाही. कागद गेला आहे, मी पुन्हा जाईन, जनसुनवाईला जाईन, असं काहीतरी बोलत राहिलो.

“ते नोको सांगू,” तो म्हणाला. “जागा तूच हरवली ना? तूच शोध.”

आणि ढोलकी खांद्याला लावून तो मंडळीकडे गेला. त्यांची दुसरी पाळी सुरू व्हायची होती, ओट्याभोवतीची माणसं सरकून त्यांना वाट देत होती.